तीन पेरांचा धुमारा

पोरं झाडं मोजायला येणार हे ऐकलं तेव्हा इज्जा हसली होती. "झाडं मोजायला? का गं बाई, चरायला जातात की काय झाडं, की संध्याकाळी कमी भरतात?" असं सुनेला म्हणून ती पुन्हा ताकाची कातडी पिशवी हलवायला लागली होती. पण मंगळवारी दुपारी खेचरांच्या वाटेनं अकरा पोरंपोरी पाठीवर बोचकी आणि गळ्यात वह्या अडकवून वर चढताना दिसली, तेव्हा तिनं हात पुसले, डोक्याचा रुमाल नीट बांधला आणि दारात जाऊन उभी राहिली. दारात कसं उभं राहावं हे इज्जाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

गावातलं सगळ्यांत वरचं घर तिचं. त्याच्यावर फक्त रान. दाराच्या आत खुंटीला राखणीची काठी टांगलेली, हातांच्या घामानं काळी पडलेली. आधी तिचा नवरा ती घेऊन फिरायचा, आता मुलगा बासो. ज्या घरानं कधी दंडाचं जेवण घातलं नाही, त्याच घरात ही काठी राहायची. वरचं रान म्हणजे अगदाल, गावानं बंद ठेवलेलं. गावबैठक म्हणेल तेव्हा उघडायचं, म्हणेल तेव्हा मिटायचं. मिटलेल्या रानात कुणी विळा घातला, तर त्यानं जनावर कापून सगळ्या गावाला जेवू घालायचं आणि गावानं पोटभर खायचं. शेवटचा माणूस हात धुऊन उठला की विषय संपला. संपला म्हणजे बोलायचा संपला. लोक विसरतात थोडेच.

"हन्ना!" नात कल्थूम सगळ्यांच्या पुढं धावत आली. तिनं आजीचा हात उचलून ओठांना लावला. ती खाली खोऱ्यातल्या गावी हायस्कुलात शिकायची, मुलींच्या वसतिगृहात राहायची.

"वाळलीस. काय खायला घालतात तुला तिथं?"

"मसूर, हन्ना. रोज मसूर."

"म्हणून मसुराएवढी झालीस."

मागून उस्ताजा, पोरांची शिक्षिका, आली. इब्तिसाम तिचं नाव, समुद्राकाठच्या शहरातली, नाक उन्हानं सोललेलं, पायांत पुरुषी बूट. तिला डोंगरातली बोली येत नव्हती, म्हणून ती बोलायची आणि कल्थूम मध्ये उभी राहून इकडचं तिकडं करायची. गाव जे रान राखतं ते, आणि ओढ्यापलीकडचं कुणीच राखत नाही ते, दोन्हींत काय फरक पडतो हे पोरांना मोजून बघायचंय, असं ती म्हणाली. शुक्रवारी नमाजानंतर जे निघेल ते गावबैठकीपुढं वाचायचं.

"त्यात काय मोजायचंय?" इज्जा म्हणाली. "इकडं झाडं आहेत, तिकडं दगड. झाला हिशेब. चहा घ्या आणि जा घरी."

उस्ताजा हसली. "तिला म्हणावं, तुम्हीच आमच्याबरोबर चला. रान तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

हे ऐकून इज्जा फुलली. फुगली म्हटलं तरी चालेल.

बुधवारी सकाळी ती सगळ्यांच्या पुढं चालत होती. कमरेला विळा, पाठीवर दोर. साठी उलटली होती, पण चढाला तिचा श्वास फुलत नव्हता आणि शहरातली पोरं दर वळणाला बूट सोडून खडे झटकत होती. आधी ते ओढ्यापलीकडच्या उघड्या रानात गेले. दोरीची चौकट टाकायची, वीस पावलं लांब, वीस रुंद. आतलं सगळं लिहायचं: झाडं किती, रोपं किती, थोटकं किती, लेंड्या किती. लेंड्या मोजायचं काम औषधवाल्याच्या जुहैरच्या वाट्याला आलं. तो तोंडाळ पोरगा. म्हणाला, "बापानं मला औषधशास्त्र शिकायला पाठवलंय, उस्ताजा. हेच गोळ्या मोजायचं काम का?"

तीन चौकटींत मिळून ओकचं एकच रोप सापडलं. तेही शेळीनं कुरतडून काट्याच्या गोळ्यासारखं झालेलं. पोरांनी त्याच्याभोवती उकिडवं बसून त्याची उंची मोजली. बोटाएवढी. वय उस्ताजानं सांगितलं. ते रोप कल्थूमच्या वयाचं होतं.

दुपारनंतर अगदालात. दगडांच्या पांढऱ्या खुणा ओलांडल्या तशी सावली अंगावर आली. पायाखाली जुनी पानं कुरकुरायला लागली. इथं रोपं इतकी, की पोरींना पाय कुठं टाकावा कळेना. इज्जा त्यांच्या तोंडांकडं बघत राहिली. तेवढ्यासाठीच तर आली होती.

"खोडाचा घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा," उस्ताजानं मोजपट्टी देत सांगितलं.

कल्थूमनं ते आजीला सांगितलं. "कुणाच्या छातीच्या?" इज्जा म्हणाली. "या लंबूच्या की माझ्या? माझी तर आता गुडघ्यापर्यंत आली."

डोंगरातल्या पोरी तोंडावर हात धरून लोळल्या. उस्ताजा विचारत राहिली, काय म्हणाली, काय म्हणाली. "हे मी नाही सांगणार," कल्थूम म्हणाली, कानापर्यंत लाल होऊन.

मग उस्ताजानं त्यांना धुमाऱ्याचं वय वाचायला शिकवलं. ओकची फांदी तोडली की वसंतात त्या जागी नवे धुमारे फुटतात. दर वर्षीची वाढ जिथं थांबते, तिथं कळीच्या खवल्यांचा बारीक वळसा राहतो, बोट फिरवलं की लागतो. दोन वळशांमधलं अंतर म्हणजे एक वर्ष. सगळ्यांत वरचं कोवळं, लोकरीसारखं पांढरट, ते यंदाचं. असं मोजत खाली यायचं.

"वेळूच्या पेरांसारखं," इज्जा म्हणाली. "त्यात शिकवायचं काय? शेळीलाही कळतं." तिनं जवळची फांदी ओढली आणि काळ्या नखानं मोजून दाखवलं. "एक, दोन, तीन, चार, पाच. पाच हिवाळ्यांपूर्वी गावानं हे रान उघडलं होतं. त्यानंतर विळा लागलेला नाही. जिथं बघाल तिथं पाच. एक धुमारा वेगळा दाखवा, या घरचं अन्न खाऊ नका."

कल्थूमनं हे मोठ्या कौतुकानं उस्ताजाला सांगितलं. उस्ताजानं ते वहीत लिहून घेतलं.

बोलून झालं आणि मग इज्जानं हातातली फांदी सोडून दिली. तीन वर्षं हेच वाक्य तिनं इतक्यांदा म्हटलं होतं, की ते आता जिभेवरून आपोआप घरंगळायचं.

परत येताना तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "उद्या कुठं?"

उस्ताजानं नकाशा उघडला. जागा आपल्या सोयीच्या निवडायच्या नाहीत म्हणून तिनं शाळेतच चिठ्ठ्या काढून फुल्या मारल्या होत्या. उद्याची एकच फुली राहिली होती. कल्थूमनं बोट ठेवलं. "हे बघ, हन्ना. पांढऱ्या कड्याखालचा खोलगा."

"तिथं काही नाही," इज्जा म्हणाली. "दगड आहेत."

तीन हिवाळ्यांपूर्वीचा तो हिवाळा गावात सगळ्यांनाच आठवायचा. आधीच्या उन्हाळ्यात पाणी नव्हतं, ओक अर्धे वाळले होते, म्हणून बैठकीनं ठरवलं की रान उघडायचं नाही, मेली जनावरं तर मरू देत. मग बर्फ पडला. बासो खाली बाजाराला गेला होता, घाट मिटला आणि तो बारा दिवस तिकडंच अडकला. घरात बाळंतीण सून, गोठ्यात नऊ शेळ्या. चारा संपला. शेळ्या एकमेकींच्या अंगावरचे केस उपटून खायला लागल्या. बर्फ पडत असताना भर दिवसा इज्जा दोर आणि विळा घेऊन निघाली, पावलं मागोमाग बुजत होती. खोलग्यातला एकच ओक तिनं धरला. रीत अशी की शेंडा राखायचा, अंगाच्या फांद्या घ्यायच्या. तिनं शेंडाही ठेवला नाही. पाच दिवसांत पाच ओझी. बोटं सुजून विळ्याच्या मुठीला चिकटायची. सुनेला सांगितलं, ओढ्यापलीकडचा पाला आहे. ओढ्यापलीकडं पाला नसतो हे गावातल्या तान्ह्या पोरालाही ठाऊक. रकिया गप्प राहिली. सून गप्प राहिली की सासूनं समजावं, तिला कळलंय.

नऊच्या नऊ शेळ्या जगल्या. गाव म्हणालं, इज्जाचं घर शिस्तीचं, चारा जपून वापरला. इज्जानं ते ऐकून घेतलं.

इथवरही ठीक होतं. पण त्याच हिवाळ्यात खालच्या आळीतल्या मोहानं अगदालाच्या कडेचा एक भारा तोडला आणि त्याला बघितलं इज्जानं. बघितलं आणि सांगितलं. न सांगून चाललं असतं का? काठी तिच्या घरात होती. मोहाकडं दोनच शेळ्या उरल्या होत्या, त्यातली एक कापून त्यानं गावाला जेवण घातलं. बायकांच्या पंगतीत बसून इज्जानं एक घास घेतला आणि पुरुषांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मीठ कमी आहे."

का म्हणाली, तिचं तिलाच माहीत नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं वेळी-अवेळी तोंडातून बाहेर पडतं.

गुरुवारी सकाळी तिनं पिशवी इतकी जोरात हलवली की ताक सांडलं. भाकरी जाळली. रकिया जळकी बाजू खरवडत बसली, तेव्हा इज्जा तिच्यावरच ओरडली.

पोरं बूट घालत होती. इज्जा उस्ताजासमोर जाऊन उभी राहिली. "खोलग्यात रानडुकरं आहेत."

"दिवसा झोपतात ती," उस्ताजा म्हणाली.

"मधमाश्या आहेत."

"बघायला मिळतील मग."

"जिन्न आहे तिथं. बाईला धरतो."

हे कल्थूमनं सांगितलं तशी पोरं उड्या मारायला लागली. जुहैर म्हणाला, "चला, चला लवकर! उस्ताजा, त्याचाही घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा का?"

कल्थूम मात्र हसली नाही. ती आजीकडं बघत राहिली. तिच्या आजीनं जन्मात कधी जिन्नाला भीक घातली नव्हती.

इज्जा शेळवाटेनं त्यांच्या आधी निघाली. का निघाली हे चालताना तिनं स्वतःलाही विचारलं नाही. खोलग्यात कालची थंडी साचून होती. ओक तिथंच होता, कुठं जाणार. बुटका, थुटका, डोक्यावर मुंडाशासारखा धुमाऱ्यांचा झुबका. बाकीच्या झाडांना शेंडे होते, याला नव्हता. तीन वर्षांत ती एकदाही इथं फिरकली नव्हती. ती जवळ गेली आणि बोट फिरवलं. कोवळं. वळसा. वळसा. मग जुनं, राखी लाकूड.

विळा हातात आला होता. झुबका उडवला तर पेरं राहणार नाहीत, मोजायला काही उरणार नाही. पण ताजा घाव राहील. मिटलेल्या रानात, भर वसंतात, काठीवाल्या घरच्या बाईचा ताजा घाव. तिनं एक धुमारा मुठीत धरला. अंगठ्याएवढा जाड, आत रस फिरताना जाणवावा असा गार. तिनं विळ्याचं पातं त्याला टेकवलं.

"लल्ला इज्जा! जिन्न सापडला का?"

जुहैर कड्यावरून घसरत येत होता, मागं बाकीचे. इज्जानं पातं खाली वळवलं आणि बुंध्यापाशी उगवलेल्या काटेरी झुडपावर सपासप चालवलं. "तुमच्यासाठीच साफ करतेय. बसायला जागा नको?"

चौकट टाकली. दोरीचा एक कोपरा बरोबर त्या ओकच्या बुंध्याशी आला. पोरं मोजायला लागली. रोपं एकवीस. ओक सात. इज्जा दगडावर बसून धोंड्यावर विळा घासत राहिली, खर्र खर्र, विळ्याला धार असूनही.

"याला शेंडा नाही," जुहैर म्हणाला. त्यानं थोटकाच्या तिरक्या घावावरून हात फिरवला. "आणि हे बघा, घाव उलट्या बाजूला उतरलाय. बाकीच्या झाडांवर असा, इथं असा. तोडणारा डावखुरा असणार. बरोबर ना, उस्ताजा?"

"शाब्बास," उस्ताजा म्हणाली. "असंच बघायला शिकायचं. कल्थूम, पेरं मोज याची."

विळा घासायचा आवाज थांबला. इज्जा जेवायची उजव्या हातानं, पाहुण्याला चहा द्यायची उजव्या हातानं. विळा मात्र लहानपणापासून डाव्या हातात. कल्थूमला गवत कापायला तिनंच शिकवलं होतं. पोरीनं दोन वर्षं उलट्या हातानं कापायचं बघून बघून शिकताना बोट कापून घेतलं होतं, त्याचा वण अजून होता.

कल्थूमनं धुमारा खाली वाकवला. बोट फिरवलं. पुन्हा एकदा वरून फिरवलं. मग दुसरा धुमारा घेतला, मग तिसरा. मग ती वळली. आजीच्या तोंडाकडं बघितलं नाही तिनं. मांडीवर पडलेल्या तिच्या हाताकडं बघितलं. डाव्या.

"किती?" उस्ताजानं विचारलं.

"पाच," कल्थूम म्हणाली आणि लिहिलं.

इज्जाला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. वहीतला पाच तिला दगडावरून दिसला.

वाचले, असं वाटायला हवं होतं. उतरताना क्षणभर वाटलंही. मग तिचा पाय दोनदा घसरला, ज्या वाटेवर चाळीस वर्षांत कधी घसरला नव्हता.

संध्याकाळी ऊन अजून धाब्यावर होतं. पोरी खालच्या अंगणात पाय धूत होत्या. कल्थूम वर एकटी बसून वहीतल्या आकड्यांचा तक्ता करत होती. इज्जा भाकरी आणि मध घेऊन वर गेली, तुकडा मोडून मधात बुडवला आणि नातीपुढं धरला.

"भूक नाही."

"सकाळपासून खाल्लं नाहीस."

"तूच म्हणालीस ना, वेगळा धुमारा निघाला तर या घरचं खाऊ नका."

इज्जाचा हात तसाच राहिला. मध मनगटावर उतरला.

"मग पाच कशाला लिहिलंस?"

"कशाला लिहिलं हे तुला माहीत नाही?" कल्थूमचा आवाज फुटला. "अकरा जणांत मीच एकटी डोंगरातली, जिच्या गावाचं रान शिल्लक आहे. सगळ्या शाळेत सांगून आणलं मी यांना. आमच्याकडं कुणी चोरत नाही म्हणाले. माझी हन्ना राखते म्हणाले." तिनं नाक पुसलं. "उस्ताजा म्हणते, एक आकडा खोटा घातला की बाकीचे खरे आकडेही खोटे होतात. कोणता खोटा हे बघणाऱ्याला कळत नाही ना. आम्ही दोन दिवस लेंड्या मोजल्या, हन्ना. रोपं मोजली. आता उद्या सगळ्या गावापुढं ते वाचायचं. दादा मोहा बसलेला असणार समोर."

"शेळ्या मेल्या असत्या," इज्जा म्हणाली.

"त्याच्याही मेल्याच असत्या."

एवढ्याशा पोरीनं असं बोलावं! दुसऱ्या कुणी बोललं असतं तर इज्जानं त्याची सात पिढ्यांची धुणी धुतली असती. ती उठली. मनगटावरचा मध चाटला, तो कडू लागला नाही, गोडच लागला, आणि त्याचाच तिला राग आला.

शुक्रवारी उजाडताच ती गोठ्यात गेली. त्या हिवाळ्यातल्या नऊ जणींपैकी आता एकच उरली होती, तांबडी. बाकीच्या विकल्या, म्हाताऱ्या झाल्या, गेल्या. तांबडी अजून दूध द्यायची. इज्जानं तिला शिंगाला धरून बाहेर आणलं आणि बासोला हाक मारली.

"सुरी घेऊन ये. हिला काप."

"पाहुण्यांसाठी? इम्मा, कोंबडी पुरेल की."

"पाहुण्यांसाठी नाही. दंड आहे."

मग तिनं सांगितलं. उभ्या उभ्या, पाच वाक्यांत. कारण सांगितलं नाही, बर्फ सांगितला नाही, बाळंतीण सांगितली नाही. बासो ऐकत होता आणि शेळी त्याच्या सदऱ्याची कड चघळत होती.

"मोहाच्या वेळी गावात ओरडून मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "या तोंडानं."

"माहीत आहे."

"काठी जाईल."

"जाऊ दे."

"तू म्हणतेस जाऊ दे! ती घेऊन मी रोज फिरतो, इम्मा, तू नाही!" तो आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडला असेल. दारातून रकियानं बघितलं आणि आत जाऊन मोठा हंडा बाहेर काढला, कुणी न सांगता. बासोनं सुरीला धार लावली. कापताना इज्जानंच शेळीचे पाय धरले.

मग सकाळभर दोघी राबल्या. गव्हाच्या रव्याचा कुसकुस तीनदा वाफवला, तीनदा हातांनी मोकळा केला. सलगम, गाजरं, मूठभर मनुका. कल्थूम दाराशी येऊन उभी राहिली, ताणून टाकलेलं कातडं बघितलं, हंडा बघितला. इज्जा म्हणाली, "बघतेस काय? सलगम चिर. आणि हात बघून चिर, बोट कापशील." पोरगी खाली बसली.

नमाजानंतर गाव अक्रोडाखाली जमलं. पुरुष पारावर, बायका भिंतीच्या कडेनं आणि धाब्यांवर. पोरं एका ओळीत उभी होती, केस पाण्यानं चापून बसवलेले. कल्थूमनं वही उघडली आणि आधी उस्ताजाच्या भाषेत, मग गावच्या बोलीत वाचायला लागली. ओढ्यापलीकडं रोप एक. अगदालात चौकटीमागं रोपं एकोणीस, चोवीस, एकवीस. म्हातारे माना डोलावत होते, जणू ती रोपं त्यांनीच घातली होती. सगळ्या धुमाऱ्यांना पेरं पाच, असं वाचत ती शेवटच्या ओळीवर आली आणि थांबली.

"पांढऱ्या कड्याखालचा खोलगा," ती म्हणाली. "ओक सात. सहा ओकांना पेरं पाच." तिनं ओळीवर बोट ठेवलं. "एकाला..."

"तीन," इज्जा म्हणाली.

ती भिंतीपाशी बायकांत नव्हती. रकियाबरोबर लाकडी परात धरून ती उतारावरून खाली येत होती, परातीतून वाफ निघत होती, मागं बासो दुसरी परात घेऊन. पुरुषांमधून वाट काढत तिनं परात पारावर ठेवली, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "एकाला तीन. लिही गं, तीन. तोडणारी डावखुरी होती."

मोठ्या बर्फाचं साल कोणतं, हे तिथं कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. माना वळल्या, बोटं दुमडून मोजणी झाली, कुणीतरी घसा खाकरला. पाहुण्या पोरांपैकी डोंगरातल्यांनी शहरातल्यांच्या कानात सांगितलं. जुहैरचं तोंड उघडं राहिलं. आपण काल काय बोललो हे त्याला आता कळत होतं.

"हे जेवण कसलं?" सगळ्यांत म्हाताऱ्यानं विचारलं, माहीत असून. विचारायची रीत आहे.

"दंडाचं," इज्जा म्हणाली. "खा."

बासोनं राखणीची काठी आणून अक्रोडाच्या बुंध्याला टेकवली आणि मागं सरला. कुणी तिला हात लावला नाही.

परातीभोवती माणसं बसली. पोरांनाही बसवलं, ज्या दिवशी गावात आहेत त्या दिवशी ती गावाचीच. पण हात कुणाचा पुढं होईना. सगळे मोहाकडं बघत होते. मोहा परातीच्या पलीकडच्या कडेला बसला होता, हाडकुळा, गुडघे छातीशी घेऊन. तीन वर्षांत तो इज्जाला दिसला की सलाम करायचा, आणि तिला त्या सलामाचा त्रास व्हायचा. वाफ विरत चालली. इज्जा उभीच होती.

मोहानं बिस्मिल्ला म्हटलं. तीन बोटांनी कुसकुस गोळा केला, त्यावर तांबडीच्या मांसाचा तुकडा दाबला, तोंडात घातला. सावकाश चावला. दात कमी होते त्याला. सगळं गाव त्याच्या जबड्याकडं बघत होतं. त्यानं गिळलं.

"मीठ कमी आहे, इज्जा," तो म्हणाला.

धाब्यावर कुणीतरी बाई फिसकन हसली आणि गप्प झाली. मीठ कमी नव्हतं. इज्जाच्या हातचं मीठ जन्मात कधी चुकलं नव्हतं, आणि हे मोहाला माहीत होतं, गावालाही माहीत होतं. एरवी तिनं त्याला तिथल्या तिथं उभा सोलला असता. जिभेवर आलंही होतं काहीतरी.

ती वळली. उतार चढून घरी गेली, रिकाम्या खुंटीकडं न बघता फळीवरची मिठाची वाटी घेतली आणि पुन्हा सगळा उतार उतरून आली. परातीपाशी वाकली. खाली बसता येईना म्हणून गुडघा टेकला. मोहाच्या पुढ्यात, त्याच्या बाजूच्या कुसकुसावर, तिनं उजव्या हातानं चिमूटभर मीठ घातलं.

"आता बघा, दादा मोहा," ती म्हणाली.

त्यानं दुसरा घास घेतला. मग म्हाताऱ्यानं घेतला, मग बाकीचे हात पुढं झाले. पोरं खायला लागली. कल्थूम सगळ्यांत शेवटी बसली. वही गुडघ्यावर ठेवून तिनं खोलग्याच्या पानावरचा पाच खोडला, तक्त्यात रिकाम्या सोडलेल्या जागेत तीनचा आकडा लिहिला, तो पुन्हा एकदा गिरवला, आणि मग हात धुऊन परातीकडं सरकली.